पट्टा आणि पराक्रम

१९९२ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडन येथे रिडिक बो नावाच्या अमेरिकन मुष्टियोद्ध्याने आपला जगज्जेतेपदाचा पट्टा सर्वांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. महिन्यापूर्वीच त्याने इव्हँडर होलीफील्ड याला बारा फेऱ्यांच्या तुंबळ लढतीत हरवून हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले होते. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या संस्थेची अपेक्षा अशी होती की, त्याने आता ब्रिटनच्या लेनॉक्स लुईसशी लढावे. तसे न करता त्याने पट्टाच टाकून दिला. संस्थेने मग लुईसला जगज्जेता घोषित केले. त्यासाठी लुईसला बोविरुद्ध एकही ठोसा मारावा लागला नाही.

त्या दिवशी खरा जगज्जेता कोण होता? ज्याने पराक्रम केला होता तो, की ज्याच्या हाती पट्टा आला तो? प्रश्न खेळाचा दिसतो; पण मान कोण देतो आणि तो कशाने टिकतो, असा विचार करू लागलो की आम्हांला तो नीतीचा प्रश्न वाटू लागतो. मुष्टियुद्ध हा खेळच नैतिक आहे काय, हा निराळा आणि गंभीर विषय आहे. येथे आम्ही त्यात शिरत नाही.

एके काळी या खेळात आठ वजनगट होते आणि बहुधा प्रत्येकाचा एकच जगज्जेता असे. आज सतरा-अठरा गट आहेत आणि पट्टे देणाऱ्या प्रमुख संस्था चार. १९२१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या संघटनेने १९६२ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन हे नाव घेतले. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत कौन्सिल निघाली. १९८३ मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आणि १९८८ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन. प्रत्येक लढतीमागे संस्थेला शुल्क मिळते. साहजिकच पट्टे जितके अधिक, तितके उत्पन्न अधिक.

याचे परिणाम कधी हास्यास्पद, तर कधी लज्जास्पद झाले. डॅरिन मॉरिस हा मुष्टियोद्धा ऑक्टोबर २००० मध्ये मरण पावला; तरीही ऑर्गनायझेशनच्या क्रमवारीत त्यानंतर तो सातव्या स्थानावरून पाचव्या स्थानावर चढला. फेडरेशनच्या अध्यक्षांना २००० साली अमेरिकन न्यायालयाने पैशांच्या गैरव्यवहाराबद्दल आणि करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरवले. मृताला बढती मिळाल्याचे ऐकून आपण हसतो. पण क्रमवारीतील प्रत्येक खोट्या जागेखाली एक जिवंत माणूस थांबलेला असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. मुष्टियोद्ध्याची उमेदीची वर्षे फार थोडी. त्याची पाळी दुसऱ्याला देणे म्हणजे मजुराची मजुरी बुडवण्यासारखेच आहे. पट्टा खोटा असू शकतो; त्यासाठी सांडलेले रक्त मात्र खरेच असते.

मग पट्ट्याला कचऱ्याच्या डब्यात टाकणारा बोच योग्य होता, असे म्हणावे काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. परंतु ज्याच्याशी लढण्याचे त्याने टाळले, त्याच लुईसने १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत त्याला हरवले होते. व्यावसायिक रिंगणात हे दोघे पुढे कधीच समोरासमोर आले नाहीत. संस्थेचा धिक्कार करणे सोपे असते. कधी कधी त्या धिक्काराच्या आड माणूस आपले कर्तव्यही चुकवतो.

याच्या उलट मुहम्मद अली. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने ह्यूस्टन येथे सैन्यभरतीस नकार दिला आणि त्याचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले. त्याने पट्टा टाकला नव्हता. विवेकाची किंमत म्हणून तो गमावला होता. सुमारे साडेतीन वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. मधल्या काळात, १९७० साली, जो फ्रेझर रीतसर जगज्जेता झाला. तरीही लोकांच्या मनातील शंका फिटली नाही. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधरा फेऱ्या लढून त्याने अलीला हरवले, तेव्हाच ती फिटली. म्हणजे कागदोपत्री मान्यता फ्रेझरला आधीच मिळाली होती. मान मात्र त्याला हरू शकत असलेल्या ठिकाणी जाऊनच मिळवावा लागला.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर केन नॉर्टनच्या कथेत आहे. १९७८ साली कौन्सिलने लिऑन स्पिंक्सचे पद काढून घेतले आणि नॉर्टनला आधीच्या एका विजयाच्या आधारे जगज्जेता ठरवले. जगज्जेतेपदाची लढत त्याने जिंकलीच नव्हती, पुढेही कधी जिंकली नाही. निव्वळ निर्णयाने मिळालेला हा पट्टा घेऊन तो ९ जून १९७८ रोजी लास व्हेगासमध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिला. पंधराव्या फेरीअखेर तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांत केवळ एकेका गुणाचा फरक होता. दोघांनी होम्सला कौल दिला, एकाने नॉर्टनला. नॉर्टन हरला, पण त्याच्या हातून गेलेला पट्टा, त्याच्या हाती आलेल्या पट्ट्यापेक्षा अधिक खरा झाला होता. पुढे १९८३ मध्ये होम्सने कौन्सिल सोडून नवजात फेडरेशनची मान्यता स्वीकारली. त्या संस्थेला कोणी ओळखत नव्हते; होम्समुळे तिला ओळख मिळाली.

मान्यता देणारी संस्था असावीच लागते. ती नसेल तर जो तो स्वतःला जगज्जेता म्हणवील, आणि दुबळ्या आव्हानवीराला बलिष्ठासमोर उभे करणारे कोणी उरणार नाही. मात्र संस्था संधी देऊ शकते, साक्ष देऊ शकते. मान निर्माण करू शकत नाही. प्राचीन काळी करिंथजवळच्या इस्थमियन क्रीडामहोत्सवात विजेत्या मुष्टियोद्ध्याला पानांचा मुकुट मिळे आणि तो काही दिवसांत सुकून जाई. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना अशाच नाशवंत मुकुटाचा दाखला घेतला आहे. त्या मुकुटाचा एक गुण मात्र सोन्याने मढवलेल्या पट्ट्यात नाही. सुकलेली पाने ना कोणाला विकता येत, ना दंड म्हणून काढून घेता येत. मागे उरे तो पराक्रम आणि तो पाहिलेल्यांची आठवण.

म्हणून कोणाच्याही कमरेला पट्टा दिसला, की तो कोणी दिला एवढेच विचारून आम्ही थांबणार नाही. तो गमावण्याची जोखीम तू कोणासमोर घेतलीस, हेही विचारू. आणि हा प्रश्न केवळ मुष्टियोद्ध्यांनाच विचारावा, असे आम्हांला वाटत नाही. आपल्याही नावामागे पुढे लागलेली पदे आहेतच.