वाटाड्याचे दुकान

डोंगरात फिरायला गेलेला शहरी माणूस वाटाड्याच्या हातावर पैसे ठेवतो. त्या पैशांना काय म्हणावे? मजुरी, बक्षीस की मदत? प्रश्न साधा दिसतो. परंतु समोरच्या माणसाला आपण काय समजतो, हे त्याच्या उत्तरावरून कळते.

नेपाळमधील खुंबू खोऱ्याचे उदाहरण घेऊ या. एव्हरेस्टच्या कुशीतील या खोऱ्यात शेर्पा लोक राहतात. बटाट्याची शेती, याकपालन आणि तिबेटशी चालणारा मिठाचा व्यापार ही त्यांची उपजीविका होती. १९५९ नंतर तिबेटच्या सीमेवर निर्बंध आले आणि व्यापार आटला. त्याआधी, २९ मे १९५३ रोजी, तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले होते व जगाचे लक्ष या खोऱ्याकडे वळले होते. १९६४ साली हिलरींच्या पुढाकाराने लुक्ला येथे धावपट्टी तयार झाली. त्याच वर्षी जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने नेपाळमध्ये पदभ्रमणाच्या सहली नेणारी पहिली कंपनी काढली.

सुरुवातीला शेर्पा माणूस पाहुण्यांचे ओझे वाहत असे, तंबू ठोकत असे, स्वयंपाक करीत असे. तंबू कंपनीचा आणि नफाही कंपनीचा. पुढे काहींनी गाठीशी जमलेल्या पैशांतून आपल्याच घरात चार बाकडी मांडली. चहा, डाळभात आणि रात्रीचा निवारा, एवढेच त्यांचे भांडवल. आज नामचे बाजारात आणि वरच्या गावांत अशी विश्रामगृहे, बेकऱ्या, सामानाची दुकाने उभी आहेत. अनेक ठिकाणी घरधनी वाटेवर असतो आणि धंदा घरची बाई सांभाळते.

रोजंदारी आणि दुकान यांत फरक केवळ मिळकतीचा आहे का? १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवर हिमकडा कोसळला आणि मोहिमांसाठी राबणारे १६ नेपाळी कामगार दगावले. सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून ४० हजार नेपाळी रुपये जाहीर केले. कामगार संतापले आणि त्या हंगामात नेपाळच्या बाजूने जाणाऱ्या बहुतेक मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली एक भेद स्पष्ट केला होता. ज्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवता येते, तिला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. माणूस या दुसऱ्या प्रकारात मोडतो. कामगारांना कांट ठाऊक असण्याची गरज नव्हती. आपल्या जिवाला किंमतीची चिठ्ठी लावली जात आहे, हे त्यांना कळले होते.

म्हणून आम्हांला वाटते, वाटाड्याच्या छोट्या दुकानाचे खरे मोल नफ्यात नाही. ते ‘नाही’ म्हणता येण्यात आहे. ज्याची चूल केवळ रोजंदारीवर पेटते, त्याला धोक्याच्या दिवशीही निघावे लागते. ज्याच्या घरी चार पाहुणे जेवतात, तो म्हणू शकतो, “आज वर जाणे बरे नाही.” असे म्हणता येणे हे स्वातंत्र्य आहे.

अर्थात, दुकान निघाले म्हणजे न्याय आला, असे नव्हे. आज खुंबूत ओझी वाहणाऱ्यांत खालच्या खोऱ्यांतून आलेले राई, तमांग लोक बरेच आहेत. कालचा हमाल आज मालक झाला. तो आपल्या हमालाशी कसा वागतो, हा प्रश्न आता त्याला विचारावा लागेल. शिवाय २०२० साली महामारीमुळे पाहुणे थांबले आणि धंदा बसला. तेव्हा बटाट्याच्या शेताचे मोल पुन्हा कळले. पाहुण्यांचा धंदा शेतीला जोड म्हणून शोभतो. शेती गिळून नव्हे.

आता आपल्या सह्याद्रीकडे पाहू. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला जाणारे बारी गावातून चढतात. हरिश्चंद्रगडाला जाणारे अनेकजण पाचनईतून. तिथली तरुण मुले वाट दाखवतात, घरोघरी पिठलं-भाकरी मिळते, चढावर लिंबूसरबताची टपरी लागते. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे देणारे आपण त्या टपरीवर मात्र पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. ते पाणी कोणीतरी डोक्यावरून वर आणलेले असते. आणि कधी पूर्ण पैसे दिलेच, तर गरिबाला मदत केल्याचे समाधान घेऊन उतरतो. दोन्हींत चूक एकच आहे. घासाघीस त्याचे श्रम नाकारते, तर दयेची भाषा त्याला लहान करते. त्याने विकले, आपण घेतले. हा सरळ व्यवहार आहे आणि सरळ व्यवहारातच त्याचा मान आहे.

सुट्टीत आपली मुले ट्रेकला जातील, तेव्हा सहल नेणाऱ्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. जेवण गावातल्या घरी आहे का? फीमधील किती रक्कम वाटाड्याच्या हाती पडते? आणि भर पावसात वाटाड्या म्हणाला, “दादा, आज नको,” तर त्याचे ऐकावे, मागे फिरावे आणि त्या दिवसाचे ठरलेले पैसे त्याला पूर्ण द्यावेत. त्या दिवशीही त्याने आपल्याला वाटच दाखवलेली असते.