हा अर्ज कुणाच्या पोरासाठी?

बसा. मागचे उभे आहेत त्यांनीही बसा. अर्जाचा फोटो गावभर फिरवून झालाय, आता मोबाइल खिशात घाला आणि माझंही ऐकून जा.

शाळेच्या कपाटातलं 'उचल्या' काढून टाका, त्यात शिव्या आहेत, मुलं बिघडतील, असा तुमचा अर्ज. खाली सह्यांची रांग. यातल्या किती जणांनी पुस्तक वाचलंय? शेठ, तुम्ही? पाटील, तुम्ही? खाली काय बघता? ग्रुपवर एका पानाचा फोटो आला, त्यावर कुणीतरी लाल गोल केला होता, तेवढ्यावर सही ठोकलीत. आठवीतल्या पोरानं धडा न वाचता उत्तर लिहिलं तर मी त्याला बाकावर उभं करते. तुम्हाला वयाकडे बघून बसवलंय.

'उचल्या' लिहिणारा लक्ष्मण गायकवाड हा शेजारच्या लातूर जिल्ह्यातला, धनेगावचा माणूस. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का बसलेल्या समाजात हा जन्मला आणि घरातून पहिल्यांदा शाळेत गेला. भूक, चोरी, पोलिसांचा मार, सगळं त्यानं उघड लिहिलं. १९८८ साली साहित्य अकादमीनं त्याचा गौरव केला. शिव्या आहेत, होय. मारणाऱ्या पोलिसाच्या तोंडी काय ओव्या घालायच्या होत्या? शिव्यांचा एवढाच विटाळ असेल तर इथून जवळच्या गंगाखेडच्या जनाबाईचं काय करता? तिनं तर खुद्द विठ्ठलाला शिव्या घातल्यात, त्याही अभंगात. काढायचा का गाथा घराबाहेर?

तुमच्या मुलीनं हे पुस्तक वाचू नये असं तुम्हाला वाटतं ना? चिठ्ठी द्या. तिच्या नावावर मी ते चढवणार नाही. मला पटणार नाही, पण मुलगी तुमची आहे, मी पाळीन. बाकीच्या पोरांचं काय वाचायचं ते ठरवायला मात्र तुम्हाला कुणी नेमलं?

आज सभेला कोण नाही, तेही बघा. दिवाळी झाली की सोनपेठ तालुक्यातून कोयते घेऊन किती जोड्या ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यापैकी दोघांकडे तर त्यांना दिलेल्या उचलीच्या वह्या आहेत. त्या जोड्यांची पोरं मागे आजीजवळ राहतात. त्यांच्यापैकी कुणाचीही सही या अर्जावर नाही, आणि खाली लिहिलंय काय, तर 'समस्त पालक'. तुमचं पोरगं हट्ट करील तर तुम्ही परभणीहून पुस्तक आणून द्याल. त्या पोरांना हे एकच कपाट आहे. हेच 'उचल्या' त्यांच्यातल्या एका मुलीनं नेलं होतं. परत आलं तेव्हा मधल्या पानांना ज्वारीचं पीठ होतं. भाकरी थापता थापता वाचलं म्हणाली. मी पीठ झटकलं नाही. या, दाखवते.

तक्रार करू नका असं मी म्हणत नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती दिलीय. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. त्या सभांना तुमची सही घ्यायला वही घरोघर फिरवावी लागते. त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत. आपल्याकडे एक कपाट आहे, तेही गंजकं. त्यावर कधी अर्ज आला नाही.

आणि शहरातले लोक फार शहाणे असंही समजू नका. २०१० मध्ये एका पक्षाच्या विद्यार्थी संघटनेनं तक्रार केली, प्रती जाळल्या, आणि मुंबई विद्यापीठानं रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढून टाकली. कुलगुरू जिथं नमले, तिथं जिल्हा परिषदेचा मुख्याध्यापक किती टिकणार?

सर, मान हलवू नका, आता तुमच्याकडेच येते. अर्ज आला त्याच संध्याकाळी पुस्तक दप्तराच्या गठ्ठ्याखाली गेलं. ना चौकशी, ना सभा. आणि गुरुजनहो, तुम्हीही गालात हसू नका. या लोकांनी एक पुस्तक बंद करा म्हटलं; आपण अख्खं कपाट बंद ठेवलंय. पुस्तक हरवलं तर साठा नोंदवहीत कमी दिसेल, तपासणीला शेरा येईल, वसुली लागेल, म्हणून कुलूप. काही पुस्तकांचं तर प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकणाऱ्या मुलुखातल्या माणसांनी १९०१ साली परभणीत गणेश वाचनालय उभं केलं. आणि आपल्याला एका कुलपाची चावी सापडत नाही!

आता काम. ज्याची हरकत असेल त्यानं पुस्तक आपल्या नावावर घरी न्यायचं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि पान क्रमांक लिहून समितीपुढे यायचं. तोवर पुस्तक कपाटाच्या यादीतून निघणार नाही. अर्जावरचं 'समस्त पालक' खोडा आणि तिथं फक्त आपापली नावं घाला. सर, कुलूप आजच काढा. हरवलेल्या पुस्तकाची वसुली माझ्या पगारातून होईल, तसं प्रोसिडिंगला लिहून घ्या; मी सही करते.