भाऊंचा राईट हँड आणि जनाबाईंचा विठोबा



आजचं वाचन महाभारतातल्या सौप्तिक पर्वाचं. पर्व छोटं आहे, पण वाचून झोप उडते.

युद्धाचा अठरावा दिवस संपलाय. दुर्योधन मांडी मोडून पडलाय आणि त्याच्या बाजूला तिघेच उरलेत: अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. पांडवांची छावणी झोपेत असताना कापून काढायची, असं अश्वत्थामा ठरवतो. कृपाचार्य त्याला समजावतात की झोपलेल्यांना मारणं अधर्म आहे, आज विश्रांती घे, धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू, मग ठरवू. तो ऐकत नाही, रथ जोडून निघतो. आणि कृपाचार्य? तेही त्याच्या मागे निघतात. आत कत्तल चालू असताना ते आणि कृतवर्मा दारात उभे राहतात. बाहेर पळणाऱ्यांना, हात जोडणाऱ्यांनासुद्धा मारतात. छावणीला तीन ठिकाणी आग लावतात.

हॉलिवूडच्या वेस्टर्न सिनेमांत असा एक माणूस हमखास असतो. टोळीच्या म्होरक्याचा उजवा हात. शूर, शब्दाचा पक्का, मालकासाठी जीव देणारा, आणि मालकाने खूण केली की कुणाचाही जीव घेणारा. त्याच धर्तीच्या आपल्या 'शोले'मध्ये (१९७५) कालिया आहे. तो आणि त्याचे दोन साथीदार रामगढहून हात हलवत परत येतात. गब्बर त्यांच्यासोबत हसतो, आणि हसता हसता तिघांनाही गोळ्या घालतो. टोळीत निष्ठा खालून वर जाते. वरून खाली काहीच येत नाही.

आपल्याला गोंधळात टाकतं ते हे, की असा माणूस गुणहीन नसतो. धैर्य, कृतज्ञता, चिकाटी, सगळं असतं. म्हणून तर आपल्याला तो आवडतो. आमच्या परभणीकडे चौकाचौकातल्या फ्लेक्सवर 'कट्टर', 'एकनिष्ठ' हे शब्द अभिमानाने छापतात. 'मी भाऊंचा माणूस आहे' एवढी ओळख पुरते. शहरातल्या ऑफिसात फ्लेक्स नसतो, पण भाऊ असतोच. टीममधल्या एकाला काढायचं आधीच ठरलेलं असतं, आणि त्याच्या चुका शोधून फाईल बनवायचं काम 'विश्वासातल्या' माणसाकडे येतं. त्याच्या घराचा हप्ता चालू असतो, साहेबाने अडचणीत मदत केलेली असते. खाल्ल्या मिठाला जागायला नको का? प्रश्न खोटा नाहीये. म्हणून तर अवघड आहे.

उत्तर शोधताना मला दोन माणसं आठवतात. दोघांचंही नातं दासीपणाशी आहे.

पहिला विदुर. दासीचा मुलगा. आयुष्यभर हस्तिनापूरचं मीठ खाल्लं. पण द्यूताच्या वेळी, वनवासाच्या वेळी, धृतराष्ट्राला तोंडावर खरं सांगितलं. एकदा तर धृतराष्ट्राने त्याला निघून जा म्हटलं. तो गेला, बोलावल्यावर परत आला, आणि पुन्हा खरंच बोलला. युद्धात मात्र दुर्योधनासाठी शस्त्र उचललं नाही. कृपाचार्यांनीही खरं सांगितलं होतं. फरक पुढच्या पावलात आहे. 'मी आधीच सांगितलं होतं' एवढ्याने दारात उभं राहण्याचं पाप फिटत नाही.

दुसरी आपली जनाबाई. आमच्या जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या गंगाखेडची. पंढरपूरला नामदेवांच्या घरी राबली, स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतलं. पण हीच दासी विठोबाशी भांडते, रुसते, त्याला एकेरीत फैलावर घेते. आणि तो मालक रागावत नाही, तिच्यासोबत दळायला बसतो. निष्ठेत भांडायला जागा असली की तिची भक्ती होते. ती जागा संपली की उरते टोळी.

कुणी म्हणेल, भक्तीत तर संपूर्ण शरण जायचं असतं, मग विचार कसला? गीतेचा अठरावा अध्याय क्रमाने वाचा. सगळं सोडून मला शरण ये, हे भगवंत ६६व्या श्लोकात सांगतात. त्याआधी ६३व्या श्लोकात म्हणतात की मी सांगितलेल्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं ते कर. देव स्वतः विचार करायला वेळ देतो. मग जो माणूस तेवढाही वेळ देत नाही, त्याला आपण देवापेक्षा मोठं का करायचं? भक्त 'मी' सोडतो आणि विवेक ठेवतो. टोळीतला माणूस विवेक सोडतो, आणि 'मी भाऊंचा' हा अहंकार कवटाळून बसतो.

मिठाचं ऋण खरं आहे. ते आपल्या कष्टांनी फेडावं, वेळेने फेडावं, प्रसंगी नुकसान सोसून फेडावं. दुसऱ्याच्या गळ्याने फेडू नये.

आज एवढंच करू या. ज्याच्याशी आपण एकनिष्ठ आहोत, त्याचं नाव मनात आणू आणि स्वतःला विचारू: याला 'नाही' म्हणून मी याचा राहू शकतो का?

राम कृष्ण हरी.