नाक्यावर उरलेला माणूस



सकाळी मजुरांच्या नाक्यावर मुकादम येतो आणि आधी तरुण, धडधाकट गडी निवडतो. ऊन चढेपर्यंत नाक्यावर उरतात ती बहुधा पिकल्या केसांची माणसे. कंपन्यांतही असेच चालते, फक्त तिथला नाका दिसत नाही. जाहिरातीत ‘वय ३५ पर्यंत’ छापलेले असते. पन्नाशीतल्या माणसापुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला जातो. त्यात स्वेच्छा किती, हे त्या घरालाच ठाऊक. मुलांची फी आणि घराचे हप्ते चालू असतानाच पगार थांबतो.

यात अन्याय आहे का? मालकाची बाजूही ऐकू या. जुन्या माणसाचा पगार जास्त असतो, नवे यंत्र शिकायला त्याला कदाचित वेळ लागतो, काही कामांना अंगात बळ लागतेच. काम झेपत नसेल तर तसे सांगणे अन्याय नव्हे. पण काम न पाहता जन्मतारीख पाहून माणूस बाद करणे, हा अन्यायच. आणि पगार जास्त का? वीस-पंचवीस वर्षे त्याने तिथेच घाम गाळला म्हणून!

कायदा इथे अपुरा पडतो. संविधानाचे १६ वे कलम सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करते; त्या यादीत वय नाही. कामगारकपात करताना शेवटी आलेल्याला सर्वसाधारणपणे आधी कमी करावे, हे तत्त्व १९५३ साली कायद्यात आले व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण मॅनेजरसारख्या पदांना त्याचा आधार नाही. जिथे कायदा थांबतो, तिथे सद्सद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आपण मजुरीवरच बोलतो. पण मळ्याचा धनी दिवस मावळायला तासभर उरला असताना पाचव्यांदा बाजारात गेला आणि रिकाम्या उभ्या माणसांची त्याने विचारपूस केली. ती माणसे वयस्क होती, असे शुभवर्तमान सांगत नाही. पण दिवसभर कोणी न निवडलेले कोण असतात, हे आपला नाका सांगतो. धन्याने त्यांच्या हातावर भीक ठेवली नाही. आधी काम दिले.

आपल्या धर्मग्रामात दुकानदार आहेत, ठेकेदार आहेत, वर्कशॉपवाले आहेत. माणूस ठेवताना ‘वय किती?’ याआधी ‘काय येते?’ असे विचारू या. घरीही, नोकरी गेलेल्या वडिलांना ‘आता आराम करा’ म्हणण्याआधी त्यांना काय करावेसे वाटते, ते ऐकून घेऊ या.