नरनाळ्याचे तळे आणि खालचे खारपाण

सकाळी डोंगर चढून एखाद्या लहान तळ्यापर्यंत जावे आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरावे, हा भटकंतीचा प्रकार आल्प्स पर्वतात रूढ झाला आणि त्याबरोबर निसर्गाकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टीही घडली. ज्या शिखरांची युरोपीय माणसाला शतकानुशतके भीती वाटत आली, त्यांपैकी मों ब्लाँवर 1786 मध्ये माणूस पोहोचला, 1857 मध्ये लंडनमध्ये अल्पाइन क्लब स्थापन झाला, आणि पुढे आगगाडीच्या सोयीमुळे शहरी मध्यमवर्ग मानवी स्पर्शापासून दूर राहिलेल्या निसर्गाच्या शोधात डोंगरातल्या तळ्यांकडे वळला. ही तळी बहुधा हिमनदीने घडवलेली असतात. सरकणारे बर्फ कड्याच्या पायथ्याशी खडक कोरते आणि ते वितळल्यावर मागे उरलेल्या खळग्यात पाणी साठते.

सातपुड्याच्या गाविलगड रांगेला हिमनदी ठाऊक नाही. ही रांग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांची, म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाची आहे, आणि तिच्या माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी एकतर उतारावरून वेगाने निघून जाते किंवा खडकाच्या भेगांतून खाली मुरते. त्यामुळे अशा माथ्यावर उन्हाळ्यापर्यंत टिकणारे तळे दिसले, तर तेथे कोणीतरी पाणी अडवले असावे असेच प्रथम मानावे लागते. अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शहानूर गावाच्या वर उभा असलेला नरनाळा किल्ला हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच असलेल्या या किल्ल्यावरचा शक्कर तलाव ही त्याच्या पाणीव्यवस्थेची सर्वांत ठळक खूण असली, तरी ती व्यवस्था तेवढ्यावर संपत नाही. लहानमोठी अनेक तळी, दगडी छताखाली झाकलेली टाकी आणि पावसाचे पाणी त्यांच्याकडे वळवणारे चर, अशी ती विस्तारलेली आहे. झाकलेल्या टाक्यांमागचा विचार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण ज्या मुलखात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेथे पाणी साठवण्याइतकेच ते उन्हापासून वाचवणेही महत्त्वाचे असते.

किल्ल्याचा राजकीय इतिहास बहुतेक वाचकांना माहीत असतो. बहामनींनी पंधराव्या शतकात त्याची डागडुजी केली, त्याच शतकाच्या अखेरीस फतहुल्ला इमादुल्मुल्क याच्या काळात महाकाली दरवाजा उभा राहिला, आणि अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे महसुली विभाग, म्हणून नरनाळ्याची नोंद झाली. मात्र वेढा पडल्यावर दरवाजा कितीही भक्कम असला तरी आत पाणी नसेल तर शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरचे सैन्य, फार काळ तग धरू शकत नाही, आणि या दृष्टीने पाहिले तर तटबंदीइतकेच तलावही संरक्षणाचे साधन ठरतात.

या पाण्याचे मोल खाली सपाटीवर उतरल्यावर अधिक कळते. सातपुड्याच्या दक्षिणेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात जुन्या गाळाचा जाड थर असून निचरा नीट न झाल्यामुळे त्यातले क्षार तेथेच साचून राहिले आहेत. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील विहिरीचे पाणी माणसाच्या घशाला चालत नाही, आणि ते शेताला दिले तर काळी जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट बसून पाणी मुरू देत नाही. म्हणून कपाशी, तूर आणि हरभरा ही पिके मुख्यतः पावसाच्या आणि जमिनीतल्या ओलीच्या भरवशावर घ्यावी लागतात. डोंगर आणि हा पट्टा यांच्यामध्ये ओढ्यांनी आणलेल्या गोट्या-वाळूची एक अरुंद पट्टी आहे, जिला भूजलशास्त्रात बझाडा म्हणतात. डोंगरावरचे पाणी तेथे मुरते, तेथील विहिरी गोड्या लागतात, आणि अकोट परिसरातील संत्र्याच्या बागांना या गोड्या पाण्याचा आधार आहे. माथ्यावर तलाव, पायथ्याशी गोड्या विहिरी आणि पुढे खारे पाणी, असा सारा क्रम एका दिवसाच्या वाटेवर पाहता येतो. आल्प्समधल्या निळ्याशार तळ्यांपेक्षा शक्कर तलाव दिसायला साधा आहे, हे मान्य करूनही विचाराला खाद्य म्हणून ही वाट उजवीच ठरते.

ही वाट निर्मनुष्य निसर्गाची आहे हा समजही टिकत नाही. नरनाळा आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील अभयारण्यात मोडतो, आणि याच प्रकल्पातून गुल्लरघाट, केलपाणी, धारगड यांसारख्या गावांतील आदिवासी कुटुंबांचे अकोट-तेल्हारा भागात पुनर्वसन झाले आहे. जंगलाची शांतता अनुभवणाऱ्याने त्या शांततेची किंमत कोणी मोजली हेही जाणून घ्यावे.

नरनाळ्यावर येणारे बहुतेक लोक पावसाळ्यात येतात, नऊगजी तोफ आणि महाकाली दरवाजा पाहतात आणि तलावाच्या काठावर छायाचित्रे घेऊन परततात. पावसाळ्यात तर प्रत्येक खळगा तळ्यासारखा भरलेला असतो. पाणी अडवणाऱ्यांचे कौशल्य पारखायचे असेल तर वनविभागाची परवानगी घेऊन उन्हाळ्याच्या तोंडावर यावे, आणि वाटाड्याला तोफेआधी पाण्याचे चर आणि झाकलेली टाकी दाखवायला सांगावे.