पोतंवाला आणि कडेवरचं मूल

‘जेव, नाहीतर पोतंवाला घेऊन जाईल’ या धाकावर आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी भाताचे घास गिळले. पोतंवाल्याचं रूपही ठरलेलं : मळके कपडे, वाढलेली दाढी, खांद्याला झोळी, बोली परमुलखातली. पोर मोठं झालं की त्याला हसतं. पण ते रूप नजरेतून जात नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात जमावाला तेच रूप दिसलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी हिंडणारे पाच जण, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवर फिरतच होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारलं. त्यांनी कुणाचं मूल पळवलं नव्हतं.

ज्यांनी याच राज्यात खरोखर पळवली, त्यांच्याकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी वळूनही पाहिलं नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली जत्रेत, बाजारात, एसटी स्टँडवर चोऱ्या करत. पकडलं गेलंच तर कडेवरच्या पोराकडे पाहून लोक सोडून देत. त्यासाठीच त्या गोरगरिबांची पोरं उचलत आणि जड झाली की मारून टाकत. हे १९९०पासून १९९६पर्यंत चाललं. लेकुरवाळ्या बाईचा संशय कोण घेणार? आपला संशय पेहराव, जात आणि भाषा पाहून जागा होतो, म्हणून तो बहुधा चुकीच्या माणसावर पडतो. अशा संशयाला जनजागृती म्हणायला माझं मन धजत नाही.

बरं, हरवलेली सगळीच पोरं कुणी उचललेली नसतात. काही मार खाऊन निघतात, काही निकालाच्या धास्तीने, काही मुंबईच्या ओढीने. पोलीस नोंदींत मुलींची संख्या मुलांहून बरीच जास्त असते. त्यांना फूस लावणारा पुष्कळदा ओळखीतलाच असतो. पूर्वी ठाण्यात ठरलेलं उत्तर मिळे : नातेवाइकांकडे बघा, येईल उद्यापर्यंत. मे २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास करायचा. पहिले काही तास किती मोलाचे असतात, हे त्या आईबापांना कुणी सांगावं लागत नाही.

राहिला प्रश्न पोराचा. गर्दीत चुकलेल्या पोराला चौकीत बिस्किटं देऊन विचारतात, ‘पप्पांचं नाव काय?’ ‘पप्पा.’ ‘आणि गाव?’ ‘आमचं.’ आता भोंग्यावरून पुकारा करायचा तो कुणाचा? पाहुण्यांपुढे हेच पोर इंग्रजी कविता मात्र घडाघडा म्हणतं.

खांडव्याचा शेरू १९८६मध्ये बऱ्हाणपूरहून गाडीत झोपून थेट कोलकात्याला पोचला, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. ‘गणेश तलाई’ हे वस्तीचं नाव त्याला धड उच्चारता येईना, आडनाव ठाऊक नव्हतं. ऑस्ट्रेलियात दत्तक जाऊन तो सरू ब्रायर्ली झाला आणि उपग्रहाच्या नकाशात रुळांचा माग काढत २०१२मध्ये आईच्या दारात उभा राहिला. त्याला कुणी पळवलं नव्हतं. एकट्या मुलासाठी फिरवायचा १०९८ हा क्रमांक तेव्हा नव्हता. पण डोळे तर होते. काही आठवडे तो हावडा स्टेशनच्या आसपास लोकांच्या पायांतून हिंडत होता. शेवटी त्याला पोलीस ठाण्यात नेलं, ते मिसरूड फुटायच्या वयातल्या एका पोराने.