लक्कम्मांचे दोन बोल



आज आपल्या घराघरांतून एक गाऱ्हाणे दोन बाजूंनी ऐकू येते. मुलगा म्हणतो, नोकरीत वर जायचे तर दिवस पुरत नाही. लग्नकार्याला, मयताला येऊ कसा? घरचे म्हणतात, चार माणसांत बसता येत नसेल तर एवढे मिळवून करायचे काय? दोघांचेही खरे वाटते. आपले कायक, आपला गोतावळा आणि आपल्या जिवाची ओढ या तिन्हींची सांगड कशी घालावी, हा आजच्या संसाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका गरीब शरणीने देऊन ठेवले आहे.

१२ व्या शतकात कल्याणनगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, आयदक्की मारय्या आणि त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मा राहत. कन्नडमध्ये 'अक्की' म्हणजे तांदूळ, आणि 'आयदक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ. सांडलेले दाणे वेचून आणणे हेच मारय्यांचे कायक. त्या दाण्यांवर जंगमदासोह होई आणि मग प्रसादावर त्या दोघांचा दिवस निघे.

एकदा मारय्या अनुभव मंटपात शरणांच्या चर्चेत रंगून गेले. वेळ कसा गेला ते त्यांना कळले नाही. तेव्हा लक्कम्मांनी त्यांना आठवण दिली की कायक थांबले आहे, आता उठावे आणि कामाला जावे. पुढे एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. घरात धान्य आले म्हणून लक्कम्मांना आनंद झाला नाही. ही आशा आपल्याला कशाला, असे विचारून त्यांनी जास्तीचे दाणे जिथून आणले तिथे परत टाकून यायला सांगितले. मारय्यांनी दोन्ही वेळा ऐकले.

हे दोन बोल शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकदा 'कामाला जा', एकदा 'एवढे आणू नका'. आपल्याकडे हे दोन बोल सहसा एका तोंडून निघत नाहीत. ज्याला पैसा प्रिय तो पहिलाच बोल बोलतो. ज्याला मिरवणे प्रिय तो दुसराच बोलतो. लक्कम्मांजवळ माप एकच होते: दासोहाला आणि देहाला लागेल तेवढे, कमी नाही आणि जास्तही नाही. म्हणून दोन्ही बोल त्यांना शोभले.

पहिला बोल नीट समजून घ्या. मारय्या चावडीवर पत्ते कुटत बसले नव्हते. ज्या सत्संगासाठी लोक दूरदूरचे प्रांत सोडून कल्याणला आले, त्या सत्संगात ते होते. तरीही त्या सत्संगाने कायकाची जागा घेणे लक्कम्मांना मान्य नव्हते. मग मंडळाच्या बैठका, जयंतीची मिरवणूक, सत्कार-समारंभ यांत जो महिना घालवतो आणि दुकान म्हाताऱ्या वडिलांवर सोडतो, त्याने समाजसेवेचे नाव पुढे करू नये. पहिला बोल त्याच्यासाठी आहे.

दुसरा बोल आपल्या कर्तबगार मुलांसाठी आहे. इथे कोणी विचारील, आम्ही प्रगती करू नये काय? अवश्य करावी. मारय्यांचे माप एका दिवसाचे होते; आपल्याला मुलांची फी, घराचे हप्ते, दुखणे, म्हातारपण पाहावे लागते. त्यासाठी केलेली तरतूद म्हणजे लोभ नव्हे. महात्मा बसवेश्वर स्वतः बिज्जळाच्या दरबारी भांडाराचा कारभार पाहत होते. ते काय लहान पद होते? पण पदावर असतानाच ते परीट माचय्या, नावाडी चौडय्या, दोर वळणारे चंदय्या यांच्याबरोबर बसत. म्हणून पद किती मोठे हे विचारू नका. पद वाढले तेव्हा घराचे दार उघडे राहिले की बंद झाले, ते विचारा. मूल झोपल्यावर घरी येणे आणि ते उठण्यापूर्वी निघून जाणे हे वर्षानुवर्षे चालले, तर त्यातले गरजेचे दाणे किती आणि आशेचे किती, हे निवडावेच लागेल.

कोणी म्हणेल, माझे ध्येय पैशाचे नाही, चांगल्या कामाचे आहे. सोन्नलगीचे, म्हणजे आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर हे तसेच कर्मयोगी. त्यांनी लोकांसाठी तलाव बांधला. 'शून्यसंपादने' या ग्रंथात अल्लमप्रभू तिथे येतात आणि त्या पुण्यकर्मातही 'मी केले' हा भाव लपलेला आहे, हे त्यांना दाखवून देतात. सिद्धराम रुसून बसले नाहीत, ते कल्याणला गेले. चांगल्या ध्येयालाही विचारणारा कोणी लागतो.

आता एक गोष्ट वडीलधाऱ्यांना सांगायची आहे. लक्कम्मा बोलल्या आणि पतीने ऐकले. त्यांची स्वतःची वचने आजही आपल्याजवळ आहेत. मग जी सून बँकेत किंवा दवाखान्यात दिवसभर राबते, तिचेही ते कायकच आहे. ती संध्याकाळी दमून येते आणि तरी प्रत्येक बारशाला, ओटीभरणाला, साखरपुड्याला तिने हजर राहिलेच पाहिजे, हा हट्ट कशासाठी? परीक्षा आहे म्हणून ती एखाद्या कार्याला आली नाही तर नावे ठेवू नका. 'जा बाळ, तुझे कायक कर,' असे म्हणा. मात्र दुःखाच्या घरी आणि आजाऱ्याच्या उशाशी आपल्यापैकी प्रत्येकाने गेलेच पाहिजे. दासोह म्हणजे नुसती पंगत नव्हे. आपला वेळ देणे हाही दासोहच. समाजाने मानपान आणि लांबलेले सोहळे कमी केले, तर तरुणांना खऱ्या प्रसंगी यायला सवड राहील. मोजमाप एकट्या तरुणांनी करायचे नाही, समाजानेही करायचे आहे.

सकाळी इष्टलिंग तळहातावर घेतल्यावर मनाला दोन प्रश्न विचारावेत. काल माझे कायक कुठे थांबले? काल मी गरजेपेक्षा जास्त काय उचलले? आणि हे दोन्ही प्रश्न आपल्याला तोंडावर विचारू शकेल असे एक तरी माणूस घरात असू द्यावे. पत्नी असो, पती असो, आई असो की लेक. तिचे किंवा त्याचे बोलणे टोचले तरी मारय्यांसारखे ऐकावे. वेचलेले दाणे परत टाकायला जाताना मारय्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्यालाही तो वाटू नये.

शरणु शरणार्थी.